फक्कीचं घर

दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली की शंभुलिंग ढाब्यातल्या बाजेवर आडवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि बायकोला घर दाखवायला लागायचा.

घर अजून बांधलेलं नव्हतं. नळदुर्गच्या बाहेर, सोलापूर-हैदराबाद हायवेला लागून त्यांचा ढाबा होता आणि ढाब्याच्या मागं, लिंबाच्या पलीकडं, त्यांची मोकळी जागा पडली होती. तिथं कुसळं माजायची आणि ड्रायव्हर लोकांच्या धुतलेल्या चादरी वाळायच्या. पण शंभुलिंगच्या डोक्यात त्या जागेवर घर केव्हाच उभं राहिलं होतं. त्याला रंगसुद्धा लागला होता.

“आलो बघ आपण आत,” तो डोळे मिटूनच म्हणायचा. “ही सागवानी चौकट. हितं व्हरांड्यात झोपाळा, पितळंच्या कड्यांचा. फरशीवर सकाळचं ऊन कसं पडलंय, दिसायलंय का?”

“हं,” भुवनेश्वरी म्हणायची आणि परातीतलं पीठ मळत राहायची.

तिचा हुंकार काही खोटा नव्हता. नवऱ्याचं बोलणं ती मन लावून ऐकायची. पण ‘दिसायलंय का’ हे विचारणं तिला बोलायची एक रीत वाटायची. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात म्हणतात. म्हणून कुणाच्या पोटात खरोखर कावळे बसलेले असतात का? तसंच हे. डोळ्यांपुढं आलं म्हणायचं, म्हणजे आठवलं म्हणायचं. पंचेचाळिशीला आली तरी या समजुतीत कुठं अडलं नव्हतं.

अमरनाथ मिस्त्रीनं कागदावर नकाशा काढून आणला तेव्हाही ती “चांगला हाय की” म्हणाली. कागदावर रेघा होत्या. मिस्त्री जाणता माणूस, नवरा हौशी, सासूबाईंनी मान डोलावलेली. आपण एकटीनं कशाला मोडता घालायचा? दिवाळी झाली की पाया खणायचा, असं ठरून गेलं.

दिवाळीला लेक आली. आरोही पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करत होती, आणि या खेपेला ती फराळापेक्षा कामाच्याच घाईत होती. तिच्या मॅडमचं संशोधन चाललं होतं: माणूस डोळे मिटून एखादी गोष्ट मनात आणतो, तेव्हा त्याला ती किती लख्ख दिसते? कुणाला फोटोसारखी, कुणाला धुक्यातल्यासारखी? कॉलेजची पोरं विचारून झाली होती. आता मॅडमना गावाकडची, नाना धंद्यांतली माणसं पाहिजे होती. आणि ढाब्यावर तर माणसं आपल्या पायानं चालत येतात.

“अगं, लोकांना जेवू दे,” शंभुलिंग कुरकुरला. “भाकरीबरोबर परीक्षा कसली देतीस?”

पण ड्रायव्हर मंडळींना ती परीक्षा भारी आवडली. दिवसभर रस्ता बघून शिणलेल्या माणसाला कुणी ‘जरा डोळे मिटा’ म्हटलं तर नको कोण म्हणेल? जहीराबादच्या एका ड्रायव्हरला आरोहीनं त्याच्या घराचं दार मनात आणायला सांगितलं. तो डोळे मिटून जो हसायला लागला तो हसतच राहिला. पुढ्यातली डाळ गार झाली. दुसरा म्हणाला, “दिसतंय, पण काच धुळीनं भरल्यावानी.” तंदूरवरचा पोऱ्या म्हणाला की त्याला भूक लागली तरच दिसतं, आणि तेही खाण्याचंच.

मग शंभुलिंगला राहवेना. तो खुर्ची ओढून लेकीसमोर बसला.

“पप्पा, किल्ल्यातला नर-मादी धबधबा आणा डोळ्यांपुढं. भर पावसाळ्यातला.”

शंभुलिंगनं डोळे मिटले आणि लगेच पाय आखडून घेतले. “आगं, तुषार उडायलेत अंगावर! त्या कठड्याला टेकून एक पोरगं उभं हाय, लाल शर्टाचं. पडंल की ते!”

“पाचपैकी पाच,” आरोही म्हणाली.

“पाचपैकी सात लाव.”

सगळे हसले. भुवनेश्वरी ओगराळं हातात घेऊन स्वैपाकघराच्या दारात उभी होती. तीही हसली. आरोहीचं लक्ष तिच्याकडं गेलं. “मम्मी, आता तू. मीट डोळे. पप्पांचं तोंड आण समोर.”

भुवनेश्वरीनं डोळे मिटले.

“काय दिसतंय?”

“काय दिसणार? डोळे मिटल्यावर काळंच दिसतं की.”

“तसं नाही गं. मनात. पप्पांच्या मिश्या, कपाळ...”

“मिश्या हायत त्यांना. डावीकडं जरा जास्त पिकल्यात. कपाळाला विभूती.”

“हो, पण दिसतायत का?”

“आगं, ठाऊक हाय म्हणून सांगितलं. दिसायचं काय त्यात?”

आरोहीनं पेन खाली ठेवला. तिनं लिंबू विचारलं, ढाब्याची पाटी विचारली, स्वतःचं तोंड विचारलं. आईला प्रत्येकाची बारीकसारीक माहिती होती आणि दिसत काहीच नव्हतं. धुकंसुद्धा नाही.

“मम्मी,” ती हळूच म्हणाली, “आम्हाला खरंच दिसतं. म्हणजे डोळ्यांना नाही, पण चित्र येतं. तुझ्यासारखं अजिबात न दिसणारी माणसं शंभरात दोन-चार असतील.”

भुवनेश्वरीनं एकदा लेकीकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. आपली फिरकी घेतायत की काय? मग ती तरातरा बाजेकडं गेली आणि जहीराबादच्या ड्रायव्हरला विचारलं, “भैया, तुमको सच्ची में दिखता क्या? दरवाजा?”

“दिखता ना, अम्मा. हरा रंग, नीचे से उखडा हुआ.”

तिनं पोऱ्याला विचारलं. पाणीवाल्याला विचारलं. सासूबाईंना विचारलं. नागूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्या पान कुटत म्हणाल्या, “दिसतं की बाई. माझं सासर दिसतं, माहेर दिसतं. मेलेली म्हैस बी दिसती अधनंमधनं.”

“आन् मला कुणी सांगितलं न्हाय!” भुवनेश्वरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “इतकी वर्षं सगळ्यांच्या डोक्यात सिनेमा चालू हाय, आन् मी एकटी बाहेर उभी!”

हे तिनं अशा काही तोऱ्यात म्हटलं की ढाबाभर हशा पिकला. तीही पोट धरून हसली.

एक माणूस मात्र हसला नाही. शंभुलिंग. त्याचा चेहरा पडला होता.

“म्हणजे मी सोलापूरला माल आणायला जातो, तवा तुला मी दिसत न्हाय?”

“न्हाय.”

“जरासुद्धा?”

“तुम्ही आल्यावर दिसता की.”

“हां! आल्यावर तर कुत्र्याला बी दिसतो मी!” तो उठून गल्ल्यावर जाऊन बसला. संध्याकाळी जो भेटेल त्याला सांगू लागला, “संसार केला, लेक पुण्याला शिकायला गेली, आन् ह्या बाईला माझं तोंड आठवत न्हाय.”

“आठवतं. दिसत न्हाय,” आतून भुवनेश्वरी ओरडायची.

“एकच की!”

“बरंच हाय न दिसलेलं,” नागूबाई म्हणाल्या. “लई बघण्यासारखं हाय का ते?”

दुसऱ्या दिवशी ढाब्याच्या अंगणात शेंगा फोडत बसल्या असताना भुवनेश्वरीनं लेकीला विचारलं, “तुला तुझे आजोबा दिसतात? माझे वडील? आत्ता, हितं बसून?”

“दिसतात. धोतर खोचून कडब्याची गंजी रचताना.”

भुवनेश्वरीचे हात थांबले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची आठवण निघाली की भावाचे डोळे भरून यायचे, आणि ती कोरडी बसून असायची. आपलं काळीजच टणक आहे असं तिनं मनाशी धरलं होतं. भावाला ते दिसत होते तर. तिला नव्हते दिसत. तिला ते ठाऊक होते: जेवताना पहिला घास बाजूला काढायचे, रागावले की कानडीत बोलायचे, तिच्या लग्नात कुणाला कळू न देता गोठ्यात जाऊन रडले होते.

“ह्याला औषध असतं का गं?”

“आजारच नाही तर औषध कशाला? काहींना लख्ख दिसतं, काहींना अंधुक, काहींना नाही. चालतं सगळ्यांचं. मॅडम म्हणतात, आपण सगळे एकच शब्द वापरतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्यांच्या आत एकसारखंच असणार. कुणी कुणाच्या आत जाऊन बघितलेलं नसतं. मॅडमकडं एक यंत्र आहे. लख्ख उजेड नुसता मनात आणला तरी डोळ्याची बाहुली बारीक होते. ज्यांना दिसत नाही त्यांची तशी होत नाही.”

गल्ल्यावरून हे ऐकून शंभुलिंग आरशासमोर जाऊन बराच वेळ डोळे वटारून उभा राहिला. झाली का बारीक, झाली का बारीक, म्हणून पोऱ्याला विचारत होता. रुसवा होता, पण हौस गेली नव्हती.

शेंगा फोडता फोडता भुवनेश्वरीच्या मनात भलतीच गोष्ट आली. तिनं टरफलं झटकली.

“आरोही, मग घर बी दिसत असंल की सगळ्यांना? पप्पा सांगतात ते?”

“दिसत असणार. त्यांना तर फरशीवरचं ऊनसुद्धा.”

“मला ते घर कधी दिसलंच न्हाय गं. मी नुसतीच हो म्हणत आले. आठ दिवसांनी पाया खणायचा हाय, आन् मी कशाला हो म्हणले तेच मला ठाऊक न्हाय.”

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गाठलं. “मला घर दाखवा.”

शंभुलिंगनं डोळे मिटले आणि सांगायला लागला. तीच सागवानी चौकट, तोच झोपाळा. तिचा ‘हं’ येईना तसा तो आणखी मोठ्यानं सांगायला लागला, जणू ऐकायलाच कमी येतंय. शेवटी त्याचा आवाज हायवेपर्यंत गेला.

“ओरडू नका. ओरडून दिसणार हाय का?” भुवनेश्वरी म्हणाली. “मला त्यात चालता आलं पायजे. हात लावता आला पायजे. त्याबिगर मला कळत न्हाय.”

“घर बांधल्याबिगर घरात कशी चालशील?”

पण सकाळी ती गावात दळण घेऊन निघाली तेव्हा शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या सामन्यांची तयारी चालली होती. शिपाई डब्यातून पांढरी फक्की सांडत रेघ मारत होता, आणि रेघ पुरी व्हायच्या आत पोरं रेघेच्या आतबाहेर खेळायला लागली होती. नुसती पांढरी पूड. पण बाहेर पाऊल पडलं की बाद, यावर भांडणसुद्धा जुंपलं होतं. भुवनेश्वरी दळण डोक्यावर घेऊन बघत उभी राहिली. मग गिरणीवरून परस्पर अमरनाथ मिस्त्रीकडं गेली.

“मिस्त्री, पाया खणायच्या आधी तुम्ही आखणी करता न्हाय का फक्कीनं?”

“करतो की, वहिनी.”

“ती उद्याच करा. आन् नुसत्या बाहेरच्या भिंती न्हाय. आतली खोली न् खोली, दारं, जिना, ओटा, देवघर, सगळं. खऱ्या मापाचं.”

मिस्त्रीला हसू आलं, पण तो आला. दोरी, खुंट्या, फक्कीचं पोतं घेऊन सकाळपासून राबला, आणि दुपारपर्यंत कुसळं काढलेल्या लाल मातीवर आख्खं घर निजलं. दाराच्या जागी रेघ तुटलेली, बाकी सगळीकडं भिंती.

भुवनेश्वरीनं ढाब्यातल्या दोन बाजा तिथं नेल्या. शेगडी नेली, परात नेली, पाण्याची घागर नेली. व्हरांड्यातून आत आली, तुटलेल्या रेघेतून डावीकडं वळली आणि ओट्याच्या जागी उभी राहून इकडंतिकडं बघायला लागली. आता कुठं! आता तिला घर कळायला लागलं होतं. पाठ कुठं, पुढा कुठं, हात कुठवर जातो.

नागूबाई काठी टेकत आल्या त्या थेट स्वैपाकघरात.

“आत्या! भिंतीतनं आलात!”

“अगं बाई,” म्हणत नागूबाई चार पावलं मागं गेल्या आणि दारातून पुन्हा आत आल्या. तेवढ्यात पाणी पिऊन निघालेले दोन ड्रायव्हर थांबले. मग त्यांनाही आत बोलावलं. ते व्हरांड्यात टेकले. आरोही मोबाईलवर फोटो काढत फिरत होती आणि प्रत्येक खेपेला कुठल्या तरी भिंतीतून जाऊन शिव्या खात होती.

शंभुलिंग रुसव्यामुळं जरा लांब, लिंबाखाली उभा होता.

“भाकरी टाकते,” भुवनेश्वरी म्हणाली. तिनं शेगडी पेटवली, भाकरी थापली, आणि तव्यावर टाकायला वळली तर पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर. “मिस्त्री, हा जिना माझ्या तव्यात उतरायलाय!”

मिस्त्रीनं कागद उघडला. जिना होता तिथंच होता. कागदावर तो एवढा अंगावर येत नव्हता.

“आन् माझी बाज?” नागूबाईंनी विचारलं. त्यांची खोली जिन्याला लागून होती. दोघा ड्रायव्हरांनी बाज उचलून त्या रेघांत ठेवली. बाज मावली, पण मग दार उघडायला जागा राहिना. “मी काय खिडकीतनं आत जाऊ? का एकदा आत गेले की बाहेरच यायचं न्हाय?”

आता शंभुलिंगला लिंबाखाली थांबवेना. “असं कसं हुईल? मला तर सगळं बसलेलं दिसतंय!” तो व्हरांड्यात आला. “आता हा झोपाळा बघा. किती ऐसपैस—”

“किती लांब जातो तो?” भुवनेश्वरीनं विचारलं.

मिस्त्रीनं दोरी धरली. झोपाळा मागं जाणार तिथं एक खुंटी रोवली, पुढं येणार तिथं एक. पुढची खुंटी बरोबर देवघरात रोवली गेली.

मग एक ड्रायव्हर म्हणाला, “शेठ, हर झोके को दर्शन.”

हसण्याचा असा काही स्फोट झाला की शंभुलिंगलाही आवरेना. तो मटकन बाजेवर बसला. “आरोही, मला पाचपैकी सात दिसतं म्हणालो होतो ना? मग हे का न्हाय दिसलं?”

“कारण तुमचा झोपाळा कधी हललाच नाही पप्पा,” आरोही म्हणाली. “लख्ख दिसणं वेगळं आणि बरोबर दिसणं वेगळं. मॅडम नेहमी सांगतात. चित्रात आपण आवडेल तेवढंच काढतो.”

“अव्वाला पण मी कायम व्हरांड्यातच बसवली होती,” तो आईकडं बघत ओशाळून म्हणाला. “निजलेली कधी बघितलीच न्हाय.”

“बसूनच मरायला लावणार होतास मला,” नागूबाई म्हणाल्या, आणि पान कुटायला घेतलं.

मग काय, ती दुपार सगळी घर मोडण्यात आणि मांडण्यात गेली. झाडू आणला. भुवनेश्वरी सांगेल ती भिंत पुसायची, मिस्त्री दोरी धरून नवीन मारायचा. जिना बाहेरच्या अंगाला गेला. नागूबाईंची खोली व्हरांड्याला लागून आली, म्हणजे निजल्या निजल्या रस्ता दिसावा. शंभुलिंगनं खिडक्यांचं सांगितलं. ऊन कुठल्या वेळी कुठवर येईल हे त्याला डोळे मिटून खरंच कळत होतं, आणि ते तिला काही केल्या कळलं नसतं. झोपाळा राहिला, पण आडवा टांगायचा ठरला.

दिवस कलताना दोघं त्या घराच्या मधल्या खोलीत बाजेवर टेकले होते. आरोही शेगडी आवरत होती.

“भुवना,” शंभुलिंग म्हणाला, “खरं सांग. मी दिसत न्हाय, मग मी तुझ्या डोक्यात असतो तरी कसा?”

भुवनेश्वरीनं विचार केला. असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. “तुम्ही मोटरसायकल बंद केल्यावर बी किल्ली दोनदा फिरवता. चहा आधी अव्वाला नेऊन देता आन् मग मला विचारता. माझ्या भावाशी बोलताना आवाज बारीक करता. आन् खोटं बोलायच्या आधी खाकरता.”

“मी? कधी खाकरतो?” म्हणत शंभुलिंग खाकरला.

आरोहीच्या हातून चिमटा पडला. ती हसत खाली बसली. शंभुलिंगनं काही वेळ मिश्यांवरून हात फिरवला. “एवढं तर माझ्या फोटोला बी ठाऊक न्हाय,” तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून रुसव्याचा विषय निघाला नाही.

ठरल्या दिवशी पाया खणला गेला. मधल्या दिवसांत दोनदा शेरडं घरातून चालत गेली आणि एकदा शेजारच्या पोरांनी देवघरात लंगडी घातली. मिस्त्रीनं तिन्ही वेळा रेघा पुन्हा मारल्या.

आरोही पुण्याला परत गेली. दीड महिन्यानं तिच्या मॅडमचाच फोन आला. भुवनेश्वरी नव्या भिंतींवर पाणी मारत होती. तिनं पाइप शंभुलिंगच्या हातात दिला. मॅडमना तिच्याशी सावकाश बोलायचं होतं. स्वप्नं पडतात का, असं त्यांनी विचारलं.

“पडतात की,” भुवनेश्वरी म्हणाली. “परवा मला स्वप्नात वडील दिसले. चांगले दिसले, तुम्ही सगळे म्हणता तसे. गंजीवर उभे होते. जाग आली आन् गेले.”

“झोपेत दिसतात, जागेपणी नाहीत?”

“व्हय. असं का असंल हो मॅडम?”

“ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “म्हणून तर तुम्हाला फोन केला.”

हे उत्तर भुवनेश्वरीला फार आवडलं. पुण्याच्या एवढ्या शिकलेल्या बाईनं सरळ ‘ठाऊक न्हाय’ म्हणून सांगावं! ती विटांच्या ढिगावर ऐसपैस बसली, पदर सावरला आणि म्हणाली, “मग मी सांगते, पण आधी तुम्ही सांगा. तुम्हाला आत काय काय दिसतं? सगळं सांगा. मला घाई न्हाय.”

पलीकडं मॅडम हसल्या आणि सांगायला लागल्या.